आठ आटे

१. माळावरचा चौकोन

जीपमधून उतरल्यावर मी आधी वर पाहिलं. मनोऱ्याच्या चौकशीला गेलं की मान आपोआप वर होते. पण वर काहीच नव्हतं. नव्वद मीटरचा लोखंडी मनोरा माळावर आडवा झाला होता, तीन ठिकाणी मोडून, आणि त्याच्या केबली गवतात वेटोळी घालून पडल्या होत्या. मधल्या मोडीपाशी कुणीतरी चुन्याने चौकोन आखला होता. तिथे मनोरा उभारणाऱ्या टोळीचे मोठे मुकादम सापडले होते.

मी लघुलेखिका. चौकशी अधिकारी विचारतात, लोक सांगतात, मी लिहून घेते. अकरा वर्षं हेच चाललंय. आमच्या साहेबांना कचेरीत सगळे ‘ओळंबा’ म्हणतात, कारण ते उंच आहेत, काटकुळे आहेत आणि कुठेही उभे केले तरी सरळ राहतात. हे नाव त्यांना माहीत आहे. मला तर वाटतं, आतून आवडतंही.

साइट इंजिनियर आमची वाटच पाहत होता. तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, बोलायला चटपटीत. पत्र्याच्या शेडमध्ये त्याने आम्हाला बसवलं आणि बसायच्या आधीच प्रकरण निकालात काढलं.

“नऊ दिवसांपूर्वी, गुरुवारी सकाळी सात वाजता मोठे मुकादम शेंड्यावर लाल दिवा बसवायला चढले. साठ मीटरवर असताना पूर्वेची सगळ्यात वरची केबल खालून निसटली. निसटली कारण तिच्या टर्नबकलला कुलूप नव्हतं. ते लावायचं काम कुणाचं होतं, तेही ठाऊक आहे. कबुली आहे.”

टर्नबकल म्हणजे काय, हे मला आता पाठ झालंय. केबलचं खालचं टोक आणि जमिनीतला काँक्रीटचा ठोकळा यांच्यामध्ये एक जाड लोखंडी नळी असते. तिच्या दोन्ही तोंडांत आटे पाडलेल्या सळ्या असतात. नळी एकीकडे फिरवली की सळ्या आत शिरतात आणि केबल ताणते; उलटी फिरवली की केबल सैल होते. नळी आपोआप फिरू नये म्हणून एक तार ओवून पिळून टाकतात. त्या तारेला हे लोक कुलूप म्हणतात.

इंजिनियरने एक कागद पुढे सरकवला. त्यावर दोनच ओळी होत्या. ‘पूर्वेच्या वरच्या केबलचं कुलूप लावायला मी बहुतेक विसरले. त्याबद्दल मीच जबाबदार आहे.’

“सही कुणाची?” साहेबांनी विचारलं.

“त्यांच्या मुलीची,” इंजिनियर म्हणाला. “मोठ्या मुकादमांच्या मुलीची.”

२. हातांना विचारा

तिला सगळे ‘घार’ म्हणत. चोविशीची असेल. सतराव्या वर्षी बापामागे पहिला मनोरा चढली आणि तेव्हापासून टोळीतच होती. आमच्यासमोर बसली तेव्हा तिने हात मांडीखाली दाबून धरले होते.

“कुलूप लावलं होतंस की नाही?” साहेबांनी सरळच विचारलं.

“आधी वाटलं, लावलंय. मंगळवारी पहाटे केबल ताणली, बाबांनी सांगितलं, मी लावलं, वहीत सही केली.” तिचा आवाज अगदी सपाट होता. “मग हे इंजिनियरसाहेब म्हणाले, लावलं असतं तर सुटलं कसं असतं? मला उत्तर देता येईना. आता रोज रात्री डोळे मिटले की मी ते कुलूप लावते. कधी तार हातात असते, कधी नसते. खरं कुठलं, ते आता मलाच कळत नाही.”

“कामावर परत कधी जाणार?”

“नाही जाणार. आईला म्हटलं, कुठेतरी शिवणकाम बघते. ज्या हाताने बापाला मारलं तो हात परत लोखंडाला कसा लावू?”

मी लिहायची थांबले नाही. थांबून चालत नाही. पण त्या वाक्याखाली माझं पेन कागदात रुतलं, ते अजून तसंच आहे.

साहेब उठले आणि कोपऱ्यातून एक सुटं टर्नबकल, तारेचा तुकडा आणि पक्कड घेऊन आले. ते सगळं तिच्यापुढे ठेवून म्हणाले, “हे लावून दाखव.”

“नको साहेब.”

“तुझ्या डोक्याला विचारून झालं, पोरी. डोकं घाबरलंय. हातांना विचारू दे.”

मग मांडीखालून हात निघाले. तार नळीतून गेली, सळीच्या कड्यातून फिरली, उलट आली, पुन्हा गेली आणि पकडीने चार पीळ बसले. पुरतं मिनिटही लागलं नाही.

“आता काढ.”

तिने पीळ सोडवले, तार बाहेर ओढली आणि टाकून न देता बोटांभोवती गुंडाळली. टोकं एकमेकांत अडकवून बांगडीएवढं कडं केलं आणि टेबलावर ठेवलं.

“असं का केलंस?”

तिला प्रश्नच कळला नाही. “आम्ही सगळेच करतो. बाबांची शिस्त आहे. काढलेली तार सुटी टाकायची नाही, गवतात हरवते, शेळ्यांच्या पायात जाते. कडं करून जवळच ठेवायचं, म्हणजे परत लावताना सापडतं.”

साहेब त्या कड्याकडे टक लावून पाहत राहिले. मग इंजिनियरला म्हणाले, “पूर्वेच्या ठोकळ्यापाशी जे सापडलं, ते सगळं आणा.”

इंजिनियरने पुरावा म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. पिशवी टेबलावर उपडी केली. निसटलेली सळी ठणकन पडली, आणि तिच्यामागून तारेचं एक कडं घरंगळत आलं.

३. आखूड केबल

“हे तर न वापरलेल्या तारेचं भेंडोळं,” इंजिनियर म्हणाला. “म्हणून तर म्हटलं, लावलीच नव्हती.”

साहेबांनी कडं सोडवून तार सरळ केली. ती सरळ होईना. जिथे नळीतून वळली होती, जिथे कड्यातून फिरली होती, जिथे पीळ बसले होते, तिथे तिथे ती मुरडलेली होती. घारने नुकतीच काढलेली तार शेजारी ठेवली. दोन्हींच्या मुरडी जागच्या जागी जुळल्या.

“जी तार कधी लावलीच नाही, तिला मुरड कुठून येईल?” साहेब म्हणाले.

घारने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, आता हिचा जीव भांड्यात पडला असेल. पण इंजिनियर हार मानणारा नव्हता.

“मग लावली आणि परत तिनेच काढली असेल!”

“असेलही,” साहेब शांतपणे म्हणाले. “म्हणजे आता प्रश्न कुलूप विसरण्याचा राहिला नाही. कुणीतरी ते उघडलं. कुणी आणि का, एवढंच बघायचं.”

त्यांनी सळी खिडकीपाशी नेली. मलाही दाखवली. टोकाचे तीन आटे फाटून सपाट झाले होते. त्यांच्या मागचे पाच आटे धडधाकट होते, वरचं ग्रीस लोण्यासारखं स्वच्छ. त्याच्याही मागे जे आटे होते, त्यांच्या ग्रीसवर रस्त्यावरच्या ट्रकांची लाल धूळ बसली होती.

“टोळीत आणखी कोण आहे?”

“विंचवाला आणि माझे काका,” घार म्हणाली.

विंचवाला पन्नाशीचा, बैठ्या बांध्याचा गडी. विंच म्हणजे सामान वर ओढायचं यंत्र; ते याच्या ताब्यात. त्याला साहेबांनी आधी मनोरा उभा कसा राहतो, हे विचारलं. तो खुलला.

“पायावर तो उभा राहतच नाही साहेब. पाय काय, नुसता लोखंडी वाटीत टेकलेला. तो उभा राहतो भांडणावर. तीन दिशांना तीन ठोकळे, एकेकाला खाली-मध्ये-वर अशा तीन केबली. तिघंही आपल्याकडे ओढतात आणि कुणीच जिंकत नाही, म्हणून तो मधे सरळ. एकाने हात सोडला की संपलं.”

“पूर्वेच्या वरच्या केबलने हात का सोडला?”

विंचवाल्याचा चेहरा उतरला. साहेब वाट बघत राहिले. त्यांना वाट बघता येते, हाच त्यांचा मोठा गुण.

“ती आखूड होती,” तो शेवटी म्हणाला. “मीच कापली. माप घेताना टेप कुठेतरी दुमडला असणार, वीतभर कमी भरली. मंगळवारी पहाटे लावायला गेलो तर पुरेना. टर्नबकल जवळजवळ शेवटापर्यंत उघडं ठेवलं, तेव्हा कुठे पोचली. मुकादमांनी आटे मोजले. आत आठच होते. पंचवीस तरी लागतात. ते म्हणाले, वारा नाही, आठ आटे आठवडा काढतील, तोवर नवी केबल कापू. तोवर हिला कुणी बोट लावायचं नाही.”

“हे इंजिनियरना सांगितलं?”

“नाही. माझी नोकरी गेली असती. मुकादम म्हणाले, आपल्या तिघांत राहू दे.” तो रडायला लागला. “मला वाचवायला गेले साहेब. आणि मी नऊ दिवस तोंड शिवून बसलो. पोरगी मरत होती माझ्यासमोर.”

“तिघं कोण?”

“ते, मी आणि घार. त्या पहाटे आम्ही तिघंच होतो.”

साहेबांनी सळी टेबलावर ठेवली. “मंगळवारी आत आठ होते. गुरुवारी फाटले ते तीन. मधले पाच कुणीतरी फिरवून बाहेर काढले.”

४. शेळ्यावाली

पूर्वेचा ठोकळा मनोऱ्याच्या पायापासून ऐंशी पावलांवर, रस्त्यापलीकडच्या कुरणात होता. तिथे एक म्हातारी शेळ्या चारत होती. इंजिनियरने वाटेतच सांगून ठेवलं होतं की ही बाई मनोऱ्याच्या वाईटावर आहे. ठोकळ्याने तिचं कुरण खाल्लं म्हणून तिने येता-जाता शिव्याशाप दिलेत.

“दिलेत की!” म्हातारी म्हणाली. “अजून देईन. पण माझ्या शिव्यांनी लोखंड सुटत असतं, तर माझा नवरा कधीच सुधारला असता.”

“या केबलला कुणी हात लावताना पाहिलंत?”

“मी बुधवारी पलीकडच्या ओढ्याला होते. शेळी व्यायली होती.” तिने साहेबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “पण गुरुवारी सकाळी इथेच होते. त्या दिवशी तो आला नाही.”

“कोण?”

“तुमचा मेलेला मुकादम. रोज चढायच्या आधी यायचाच. उजाडता उजाडता. तिन्ही ठोकळ्यांना फेरी. इथे आला की एकेका तारेला बोट लावायचा, मग मला विचारायचा, काय आजी, अजून आहेस का? मी म्हणायची, तुझ्या आधी जात नाही.” तिने एका शेळीला ठोकळ्यावरून हाकललं. “त्या सकाळी निघाला होता. रस्त्यापर्यंत आलेला मी पाहिला. कंबरेला चढायचा पट्टा बांधलेला. मग कुणीतरी मागून हाक मारली, आणि तो तिथूनच वळला.”

“हाक कुणी मारली?”

“एवढ्या लांबचं मला दिसत नाही बाबा. हाक ऐकू आली, तेवढंच.”

“हे आधी कुणाला बोलला नाहीत?”

“विचारलं कुणी?”

परतताना साहेब रस्त्याच्या कडेला थांबले. मुकादम जिथून वळले असतील, तिथेच. इथून ठोकळा स्पष्ट दिसत होता. आणखी चाळीस पावलं चालला असता तर तो माणूस आज जिवंत असता.

“बाई, तीस वर्षं रोज फेरी मारणारा माणूस एके दिवशी अर्ध्या वाटेवरून परत फिरतो. का फिरेल?”

“कंटाळा आला असेल?”

“चढायचं त्याला स्वतःला आहे. स्वतःच्या जिवाचा कंटाळा कुणाला येत नाही.” त्यांनी मान हलवली. “त्याला कुणीतरी सांगितलं की फेरी झालीय. आणि सांगणारा असा होता, की ज्याचा शब्द त्याला स्वतःच्या डोळ्यांइतका खरा वाटत होता.”

असं जगात त्याचं कोण होतं? मला तरी पहिल्यांदा घारच आठवली.

५. दीड तासात शहाणा

इंजिनियरच्या वहीत साहेबांनी बोट ठेवलं. “बुधवार, दुपारी चार. ‘शेंडा पूर्वेला चार बोटं कललेला.’ बुधवार, साडेपाच. ‘शेंडा सरळ.’ दीड तासात मनोरा एवढा शहाणा कसा झाला?”

“ऊन उतरलं की आपोआप होतो तसा.”

“साडेपाचला या दिवसांत ऊन चांगलं असतं. कलला आहे, हे कुणाला बोललात?”

“कुणालाच नाही.” हे तो दाराकडे बघून म्हणाला.

“टर्नबकल फिरवता येतं तुम्हाला?”

“मी?” तो चक्क हसला. “ते माझं काम नाही. मी दुर्बिणीतून बघतो.” उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिलेत मी, इतक्या अभिमानाने सांगणारा पहिलाच.

शेवटी धाकटे मुकादम आले. घारचे काका. मोठ्या भावापेक्षा सहा वर्षांनी लहान, तोच लांब चेहरा, डोळे सुजलेले. भावाचं नाव निघालं की आवाज फुटायचा. मला त्यांची दया आली. पुतणीबद्दलही वाकडं बोलले नाहीत.

“पोरगी गुणी आहे साहेब. तिच्यावर काही येऊ देऊ नका. अपघात तो अपघात.”

“मंगळवारी तुम्ही कुठे होता?”

“दिवा आणायला शहरात गेलो होतो. सोमवारी निघालो, बुधवारी जेवणवेळेला आलो.”

“आल्यावर भाऊ भेटले?”

“दादा, घार, विंचवाला, तिघंही शेडमध्ये होते. दिवा तपासत बसले संध्याकाळपर्यंत. मी बाहेर होतो. केबली सोडवायच्या, सामान आवरायचं, कामं काय थोडी असतात?”

“पूर्वेची वरची केबल कशी होती? काही वेगळी?”

काकांनी क्षणभर विचार केला. “नाही. बाकीच्या आठांसारखीच. नवी कोरी, मापात कापलेली.”

साहेबांनी मान हलवली, आभार मानले आणि त्यांना जायला सांगितलं. दार लागल्यावर ते खुर्चीत मागे टेकले. अकरा वर्षांत मी त्यांना टेकून बसलेलं पाहिलं नव्हतं.

“सगळ्यांना बोलवा, बाई,” ते म्हणाले. “आणि त्या पोरीला माझ्याजवळ बसवा.”

६. कुणाचा शब्द

शेडमध्ये आम्ही सहाजण होतो. दुपारचे चार वाजले होते आणि पत्रा तापून तडतडत होता. साहेबांनी प्रस्तावना केली नाही.

“हे वाईट इच्छेने केलेलं नाही. मुकादमाला मारायचं असतं तर करणाऱ्याने नळीला आणखी तीन फेरे दिले असते, केबल तिथेच सुटली असती. हा माणूस पाच फेऱ्यांवर थांबला. त्याला केबल तेवढीच सैल करायची होती. कशाला? शेंडा चार बोटं पूर्वेला दिसत होता म्हणून. पूर्वेची केबल सैल केली की शेंडा मागे येतो.”

ते इंजिनियरकडे वळले. “आता तो कलला का होता, ते ऐका. दुपारी ऊन पश्चिमेकडून येतं. मनोऱ्याची ती बाजू तापून वाढते आणि मनोरा उलट्या बाजूला वाकतो. पश्चिमेकडच्या, म्हणजे मागच्या दोन दिशांच्या केबलींवर ऊन आडवं पडतं, त्याही तापून लांबतात. पूर्वेची मात्र उन्हाच्याच दिशेने खाली उतरते, तिच्यावरून ऊन नुसतं घसरतं. ती गार राहते आणि जिंकते. पहाटे सगळं गार झालं की शेंडा जागेवर येतो. म्हणून मोठे मुकादम पहाटेशिवाय मनोऱ्याचा सरळपणा बघत नसत. त्या मनोऱ्याला काहीही झालेलं नव्हतं. तुम्ही चुकीच्या वेळी बघितलंत.”

इंजिनियर रुमालाने मान पुसत राहिला.

“कुलूप सोडवणाऱ्याने तारेचं कडं करून ठेवलं. तशी सवय फक्त या टोळीला आहे. म्हणजे तो इंजिनियर नव्हे आणि शेळ्यावाली तर नव्हेच. टोळीत माणसं चार. त्यातल्या तिघांना ठाऊक होतं की आत आठच आटे आहेत. ज्याला हे ठाऊक आहे, तो त्या नळीला उलटा फेरा देणारच नाही; पाच तर सोडाच, एकही नाही. देईल तो फक्त चौथा. त्याला वाटलं, नेहमीसारखे पंचवीस आहेत, पाच काढले तर काय बिघडतं? आणि त्याला आजही वाटतं, केबल मापात कापली होती. मघाशीच मला तसं सांगितलं.”

काकांच्या हातातली टोपी खाली पडली. ती कुणी उचलली नाही.

“आखूड होती?” त्यांनी विंचवाल्याकडे पाहिलं. “आखूड होती ती? आणि मला कुणी...”

“तुम्ही नव्हता ना मंगळवारी,” विंचवाला म्हणाला.

मग काका बोलले. खाली बसून, जमिनीकडे बघत. मी लिहिलं ते असं.

“चार वाजता हे इंजिनियरसाहेब मला म्हणाले, उद्या सकाळी कंपनीतले वरचे लोक येणार, मनोरा वाकडा दिसला तर माझी आणि तुमचीही शोभा. दादाला सांगतो म्हटलं. तर म्हणाले, तुमचा दादा पहाटेचं पुराण सांगत बसेल, तुम्ही मुकादम नाही का? मला ते लागलं. पन्नाशीला आलो साहेब, अजून धाकटाच. मागच्या दोन ताणायच्या तर दोन माणसं हवीत. पुढची एक सैल करायला मी एकटा पुरे. केली. यांनी दुर्बिणीतून बघून हात हलवला. म्हणाले, सकाळी परत बघू, मग पक्कं करा. म्हणून कुलूप काढून ठेवलं तसंच ठेवलं.”

“आणि सकाळी?” साहेबांनी विचारलं.

“सकाळी हे इंजिनियरसाहेब उशिरा उठले. दादाने पट्टा बांधला, फेरीला निघाला. तिथे जाऊन त्याला कडं दिसलं असतं आणि सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी निघाली असती. वरचे लोक यायची वेळ झालेली. वाटलं, तो चढला की मी गुपचूप जाऊन लावतो. म्हणून हाक मारली. दादा, फेरी मी मारून आलोय.” त्यांनी कपाळ गुडघ्यांवर टेकवलं. “लावायला निघालोही होतो. रस्ता ओलांडतच होतो...”

रात्रीच्या गारठ्याने सगळ्या केबली आखडल्या, ताण वाढला आणि तीन आट्यांना तो झेपला नाही.

घार उठून काकांसमोर जाऊन बसली, जमिनीवरच.

“फेरी मारली म्हणालात, तेव्हा बाबा काय म्हणाले?”

काकांनी कपाळ गुडघ्यांवर आणखी दाबलं.

“काका, काय म्हणाले ते?”

“म्हणाला, तू बघितलंस ना? मग झालं.”

बाहेर कुठेतरी ट्रक गेला. घार त्यांच्याकडे बघत होती. मला वाटलं, ती ओरडेल किंवा मारेल. त्याने बरं वाटलं असतं, तिला नसलं तरी मला.

“नऊ दिवस,” ती हळू म्हणाली. “नऊ दिवस तुम्ही आमच्याच घरात होता. मी रात्री रडायला लागले की उठून पाणी आणून द्यायचात. आई माझ्याशी बोलत नव्हती. तुम्हीच तिला समजावलंत. सगळ्या पाहुण्यांदेखत माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, वहिनी, मी पोरीला माफ केलंय, तुम्हीही करा.”

काकांनी मान वर केली नाही.

“मी तुमच्या पाया पडले, काका. तुम्ही पडू दिलंत.”

साहेब खिडकीबाहेर बघत होते. माझं पेन थांबलं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी न विचारता थांबले होते, आणि पुढे काय करावं ते मला सुचत नव्हतं. चौकशीत एवढं लागत नाही. कोणी, कधी, किती फेरे, हे झालं होतं.

“हे लिहायचं राहू दे का, पोरी?” मी विचारलं. “हे तुमच्या घरातलं आहे.”

तिने डोळे पुसले आणि माझ्या वहीकडे पाहिलं.

“नाही बाई,” ती म्हणाली. “लिहा. आईला वाचून दाखवायचंय.”